निधी ज्यांच्या नावाचा, त्यांचे स्थान कोठे?

‘साहाय्यार्थ’ हा शब्द मराठी सार्वजनिक जीवनात चांगलाच रुळला आहे. नाटकाच्या जाहिरातीत, गाण्याच्या मैफलीच्या देणगी-प्रवेशिकेवर, शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांच्या पत्रिकांवर तो वर्षानुवर्षे छापला जात आला आहे. कधी भूकंपग्रस्तांच्या साहाय्यार्थ, कधी पूरग्रस्तांच्या, कधी दुष्काळग्रस्तांच्या, तर कधी निर्वासितांच्या. अशा कार्यक्रमांची रीतही ठरून गेलेली आहे. प्रवेशिका खपवल्या जातात, स्मरणिकेसाठी जाहिराती गोळा होतात, मध्यंतरात पाहुण्यांच्या हस्ते धनादेश दिला जातो, दोन भाषणे होतात, आभार मानले जातात आणि मंडळी समाधानाने घरी जातात. यात हसण्यासारखे काही नाही. मोजक्या पगारात घर चालवणारा कारकून किंवा शिक्षक अशा कामासाठी खिशात हात घालतो, तेव्हा त्यामागे खरा कळवळा असतो. आणि अशा कळवळ्याच्याच आधाराने समाज तग धरून असतो.

प्रश्न वेगळाच आहे. ज्यांच्या नावाने हा सारा खटाटोप होतो, ती माणसे त्या सभागृहात कोठे असतात? बहुतेक वेळा ती नसतातच. असली, तर त्यांच्या हालअपेष्टांचे वर्णन निवेदक करतो आणि ती मान खाली घालून ऐकत बसलेली असतात. निधी किती लागेल, कशासाठी लागेल, तो कोणाच्या हाती जाईल, यांपैकी एकाही गोष्टीत त्यांचे मत कोणी विचारलेले नसते.

पूरग्रस्तांच्या बाबतीत ही उणीव काही प्रमाणात भरून निघते. पूर ओसरला की तो आपल्या गावी परततो. त्याच्या मागे ग्रामपंचायत असते, आमदार असतो, मतदारयादीत त्याचे नाव असते. मदत चुकीच्या ठिकाणी गेली, तर तो मोर्चा काढू शकतो. निर्वासिताला यांतले काहीच नसते. त्याचे गाव सीमेपलीकडे राहिलेले असते आणि ज्या गावात तो येऊन पडलेला असतो, तेथे त्याच्या नावाचा शिधापत्रिकेवरचा कागदही नसतो. म्हणूनच इतर कोणत्याही मदतनिधीपेक्षा निर्वासितांसाठी उभारलेल्या निधीत खुद्द निर्वासितांना स्थान असणे अधिक अगत्याचे आहे. निधी गोळा करताना, तो मोजताना आणि तो खर्च करताना, अशा तिन्ही वेळी तो ज्यांच्यासाठी आहे ती माणसे हजर असली पाहिजेत, हे या लेखाचे म्हणणे आहे. हा केवळ सौजन्याचा भाग नाही. मदत खरोखर मदत ठरते की नाही, हे पुष्कळदा त्यावरच ठरते. १९७१ सालचा आपलाच अनुभव या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगा आहे.

कृष्णनगरचे मैदान

२५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराची कारवाई सुरू झाली आणि त्यानंतरच्या नऊ महिन्यांत पूर्व बंगालमधून भारतात आलेल्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. डिसेंबरमध्ये ती सुमारे ९९ लाख होती. त्यांपैकी सुमारे ६८ लाख लोक ८२५ छावण्यांत राहत होते आणि उरलेल्या सुमारे ३१ लाखांना आप्तेष्टांनी, ओळखीच्यांनी व कित्येकदा अनोळखी कुटुंबांनी आपल्या घरात सामावून घेतले होते. पश्चिम बंगालवर सर्वांत मोठा भार पडला. त्रिपुराची त्या वर्षीच्या जनगणनेतील लोकसंख्या साडेपंधरा लाखांच्या आसपास होती आणि तेथे आलेले निर्वासित होते चौदा लाख. यजमान आणि पाहुणे जवळजवळ समसमान, अशी ही अवस्था होती.

याच दिवसांत कलकत्त्यात एक फुटबॉल संघ तयार झाला. त्यातले खेळाडू ढाक्याच्या मैदानांवर नाव कमावलेले, पण आता घरदार सोडून सीमा ओलांडून आलेले होते. झकारिया पिंटू हा कर्णधार होता व प्रतापशंकर हाजरा उपकर्णधार. ‘स्वाधीन बांगला’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या संघाने भारतभर फिरून प्रदर्शनीय सामने खेळावेत, तिकिटांचे उत्पन्न मुक्तिलढ्याच्या निधीला द्यावे आणि जागोजागच्या लोकांना आपली बाजू समजावून द्यावी, अशी योजना होती. पहिला सामना २५ जुलै १९७१ रोजी नदिया जिल्ह्यातील कृष्णनगर येथे ठरला. प्रतिस्पर्धी होता नदिया जिल्ह्याचा संघ. मैदानाभोवती माणसांची दाटी झाली होती आणि त्या गर्दीत सीमा ओलांडून आलेले बंगाली मोठ्या संख्येने होते.

सामना सुरू होण्यापूर्वीच पेच उभा राहिला. आपल्या देशाचा ध्वज उभारल्याशिवाय आणि राष्ट्रगीत झाल्याशिवाय आम्ही खेळणार नाही, असे खेळाडूंनी सांगितले. भारताने बांगलादेशाला तोवर मान्यता दिलेली नव्हती. ती ६ डिसेंबरला मिळाली. अमान्य राष्ट्राचा ध्वज सरकारी अनुमतीने कसा फडकवायचा? अखेर जिल्हाधिकाऱ्यांनी आपल्या जबाबदारीवर परवानगी दिली. ध्वज उभारला गेला, खेळाडूंनी तो घेऊन मैदानाला फेरी घातली आणि मग खेळ सुरू झाला. सामना दोन-दोन असा बरोबरीत सुटला. परवानगी देणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांना पुढे निलंबनाला सामोरे जावे लागले आणि नदिया जिल्हा संघटनेवरही कारवाई झाली. त्यानंतर ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या मोहन बागानला या संघाशी खेळायचे होते, तेव्हा तो संघ आपल्या नावाने न उतरता गोष्ठ पाल या थोर खेळाडूचे नाव घेऊन मैदानात उतरला. आंतरराष्ट्रीय नियमांतून वाट काढण्याचा तो मार्ग होता.

या संघाने एकंदर सोळा सामने खेळले. मुंबईलाही तो आला होता. तेथे त्याच्याविरुद्ध उतरलेल्या महाराष्ट्राच्या संघाचे नेतृत्व केले ते मन्सूर अली खान पतौडी यांनी. क्रिकेटचा माजी कर्णधार फुटबॉल खेळायला उतरतो, ही गोष्ट मुंबईकर गर्दीला खेचून आणील, हे संयोजकांनी बरोबर ओळखले होते. परंतु पतौडींच्या आकर्षणापेक्षा मोलाची गोष्ट दुसऱ्या बाजूला होती. पैसे ज्यांच्यासाठी गोळा होत होते, तेच मैदानात घाम गाळत होते. प्रेक्षक तिकिटाचे पैसे देत होता ते खेळ पाहण्याचे. ती भीक नव्हती. निर्वासितांच्या छावणीतला माणूस म्हटला की डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते, ते चित्र या अकरा जणांनी नव्वद मिनिटांपुरते तरी पुसून टाकले. ध्वजासाठी ते अडून बसले, याचे मर्म येथे आहे. आपला निधी आपण कोणत्या नावाने गोळा करायचा, हे ठरवण्याचा अधिकार ते सोडायला तयार नव्हते.

आणखी एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. पुढे बांगलादेशाच्या फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष झालेले काझी सलाहुद्दीन या संघात ‘तूर्य हाजरा’ या टोपणनावाने खेळत होते. घरची माणसे ढाक्यातच होती. खरे नाव वृत्तपत्रांत छापून आले असते, तर त्यांच्या जिवावर बेतले असते. निर्वासितांची छायाचित्रे आणि नावे स्मरणिकेत उत्साहाने छापणाऱ्या मंडळांनी हे विसरू नये. कार्यक्रमात त्याला स्थान द्यायचे, ते त्याने स्वीकारलेल्या रीतीने. आपल्या सोयीसाठी त्याला प्रदर्शनात उभे करणे म्हणजे स्थान देणे नव्हे.

त्याच काळात पूर्व बंगालमधून आलेल्या गायक-कलावंतांचे एक पथक मालमोटारीतून छावण्याछावण्यांत हिंडत होते आणि निर्वासितांपुढे गात होते. लिअर लेविन या अमेरिकन चित्रपटकाराने त्या प्रवासाचे चित्रण केले. ते वर्षानुवर्षे पडून राहिले आणि १९९५ मध्ये तारेक व कॅथरिन मासूद या दांपत्याने त्यातून ‘मुक्तिर गान’ हा अनुबोधपट तयार केला. छावणीत अन्नाइतकीच गाण्याचीही गरज असते, हे बाहेरच्या समितीला सुचणे कठीण होते. ते सुचले छावणीतल्याच माणसांना.

पाच पैशांचे तिकीट

एवढ्या मोठ्या लोंढ्याचा खर्च सामने आणि मैफली यांतून निघणारा नव्हता, हे उघड आहे. केंद्र सरकारने रेल्वे व विमान प्रवासावर आणि टपालावर निर्वासित-साहाय्यासाठी कर बसवले. १५ नोव्हेंबर १९७१ पासून बहुतेक टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावणे सक्तीचे झाले. सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटांवर निर्वासित-साहाय्याची अक्षरे छापून वेळ निभावण्यात आली आणि डिसेंबरपासून निर्वासितांचे चित्र असलेले स्वतंत्र तिकीट आले. हे कर १९७३ मध्ये कायदा करून रद्द करण्यात आले. ज्यांनी त्या काळात नोकरीचे अर्ज धाडले असतील, त्यांच्या पाकिटांवर ते तिकीट चिकटवलेले असणारच.

पाच पैशांत काय होते? याचे एक उत्तर बनगावच्या रुग्णालयात मिळाले होते. सीमेलगतच्या या गावी छावण्यांमध्ये पटकीची साथ भडकली. शिरेतून द्यावयाचे द्रव संपत आले, जमिनीवर रुग्णांच्या रांगा लागल्या आणि उपचार करणारे हात अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महलनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते रुग्णांना तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. या मिश्रणाला लीटरमागे सुमारे ११ पैसे खर्च येत असे. म्हणजे दोन पाकिटांवरच्या दोन तिकिटांत जवळजवळ एक लीटर. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते या उपचाराखालील रुग्णांत ४ हूनही खाली आले. आज घराघरांत ठाऊक असलेल्या क्षार-संजीवनीच्या प्रसाराला या अनुभवाने मोठी गती दिली. महलनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

या यशाचे वर्णन करताना मिश्रणाचा स्वस्तपणा सांगितला जातो. पण ते पाजले कोणी, हे सहसा सांगितले जात नाही. डॉक्टर आणि परिचारिका पुरेशा नव्हत्या. ते पाजले रुग्णांच्या आयांनी, भावांनी, सोबत आलेल्या नातलगांनी. पिंपांतून पेले भरून आणावयाचे आणि रुग्णाला घोट घोट देत राहावयाचे, हे काम त्यांना शिकवले गेले आणि त्यांनी ते पार पाडले. निर्वासितांना केवळ मदतीची पात्रे समजून बाजूला बसवले असते, तर ते अकरा पैशांचे औषध पिंपातच राहिले असते. निधीत त्यांना स्थान असावे, याला यापेक्षा वेगळा पुरावा शोधण्याची गरज नाही.

हिशेबाची गोष्ट

या विषयावर लिहिताना न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील कार्यक्रमाचा उल्लेख अपरिहार्य आहे. १ ऑगस्ट १९७१ रोजी पं. रविशंकर यांच्या विनंतीवरून जॉर्ज हॅरिसन यांनी दोन खेळ केले. सुमारे ४० हजार लोक आले. रविशंकर यांच्यासोबत अली अकबर खाँ आणि तबल्यावर अल्लारखा होते. रविशंकर यांचे घराणे मूळचे जेसोरकडचे आणि गुरू अलाउद्दीन खाँ कोमिल्ल्याकडचे. त्यामुळे हे दुःख त्यांच्यासाठी परके नव्हते. वाद्ये जुळवून होताच श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या आणि जुळवणेच इतके आवडले असेल तर वादनही आवडेल, अशा अर्थाचे उद्गार पंडितजींनी काढले, ही हकीकत प्रसिद्धच आहे.

तिकिटांच्या उत्पन्नाचे २,४३,४१८ डॉलर युनिसेफकडे लवकरच पोहोचले. पुढची गोष्ट मात्र तितकी सरळ नाही. कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांतून त्याच्या कितीतरी पट रक्कम जमा झाली. परंतु कार्यक्रम ठरवताना धर्मादाय संस्थेची कायदेशीर व्यवस्था आधी करून ठेवलेली नव्हती. अमेरिकन कर खात्याच्या चौकशीत तो पैसा वर्षानुवर्षे अडकून पडला. १९८५ पर्यंत सुमारे १ कोटी २० लाख डॉलर बांगलादेशाकडे पोहोचले. पण १९७१ मध्ये जे मूल पाण्यावाचून तळमळत होते, त्याच्या दृष्टीने १९८५ हे साल फार दूरचे होते. कोणाच्या हेतूत खोट नव्हती. कलावंतांनी मानधनही घेतले नव्हते. तरीही कागदपत्रांच्या उणिवेने कळवळ्याला तेरा-चौदा वर्षे खोळंबून ठेवले.

आपल्याकडील छोट्या मंडळांनी यातून घेण्यासारखा धडा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या ४१ क या कलमाखाली धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करणाऱ्यांवर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवण्याची आणि हिशेब देण्याची जबाबदारी आहे. गणेशोत्सव मंडळांना हे कलम चांगले परिचयाचे असते; ‘एका दिवसाचा तर कार्यक्रम आहे’ असे म्हणून मदतनिधीवाले मात्र ते बाजूला ठेवतात. खर्चाच्या पावत्या नीट लावणे हे काही टाळ्या मिळवणारे काम नाही. पण सभागृहाचे भाडे, ध्वनिक्षेपक, छपाई, पाहुण्यांचा प्रवास आणि हारतुरे यांत किती गेले व प्रत्यक्ष किती उरले, हे ज्यांच्यासाठी निधी उभारला त्यांच्या भाषेत लिहून त्यांच्या वस्तीत लावता आले पाहिजे. तसे करावे लागणार हे आधीच ठाऊक असेल, तर हारतुरे आपोआप कमी होतील.

‘आधी आपले’

निर्वासितांसाठी निधी म्हटला की एक आक्षेप हटकून येतो. आपल्याच घरात अंधार असताना शेजारच्या घरी दिवा का लावायचा? हा आक्षेप सगळाच उडवून लावण्यासारखा नाही. १९७१ ते १९७३ या ज्या काळात पाच पैशांचे तिकीट चालू होते, त्याच काळात महाराष्ट्र दुष्काळाने होरपळत होता. १९७२-७३ मध्ये लाखो माणसे खडी फोडायला आणि रस्ते-नालाबांधाच्या कामांवर गेली. त्या माणसाने मुलाला पाठवलेल्या पाकिटावरही निर्वासितांचे चित्र होते. त्याने ते तिकीट खुशीने लावले असेल की नाइलाजाने, हे त्याचे त्यालाच ठाऊक. परंतु त्याच दुष्काळातून महाराष्ट्राने रोजगार हमीची कल्पना उभी केली आणि तिच्या मुळाशी हेच तत्त्व होते, की संकटात सापडलेल्या माणसाला फुकट शिधा देण्यापेक्षा काम द्यावे, त्याच्या हाताला आणि मानाला जागा ठेवावी. जे तत्त्व आपण आपल्या दुष्काळग्रस्तासाठी योग्य मानले, तेच निर्वासितासाठीही योग्य आहे. आपला आणि परका यांत दयेची वाटणी करण्यापेक्षा दोघांनाही दयेच्या पलीकडे नेणे अधिक शहाणपणाचे.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. साथ पसरली असताना, पोरे उपाशी असताना समित्या नेमून मते कसली विचारत बसायची? आधी पैसा गोळा करावा, विचारपूस मागाहून होईल. संकटाचे पहिले काही दिवस हे म्हणणे खरेही असते. पण ‘मागाहून’ हा दिवस सहसा उगवत नाही. निर्वासितांना न विचारता घेतलेले निर्णय किती महाग पडतात, याचे उदाहरण आपल्या सीमेलगतच घडले आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांसाठी १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला. पाण्याच्या, भाताच्या प्रदेशातून आलेल्या शेतकऱ्यांना कोरापुट आणि बस्तरच्या कोरड्या जंगलपठारावर वसवण्यात आले. पैसा खर्च झाला, घरे उभी राहिली, अधिकारीही राबले. तरी १९७८ मध्ये हजारो कुटुंबे तेथून उठून सुंदरबनातील मरीचझापी बेटावर गेली. तेथे त्यांनी कोणाच्या निधीची वाट न पाहता स्वतःच बांध घातले, शाळा काढली. १९७९ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने नाकेबंदी करून त्यांना तेथून बळाने हुसकावले आणि त्यात जीव गेले. वीस वर्षांत त्यांना कोठे राहायचे आहे, हा प्रश्न कोणी मनापासून विचारला असता, तर या शोकांतिकेची वेळ आली नसती.

शेजारचे निर्वासित

निर्वासित म्हणजे दूरच्या सीमेवरची माणसे, अशी आपली समजूत असते. वास्तविक महाराष्ट्राचा नकाशा त्यांच्या वस्त्यांनी भरलेला आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बायकामुलांचाच भरणा अधिक होता. त्यांनी तेथे शाळा चालवल्या, नाटके बसवली, बालवीर पथके काढली. ते गेल्यावर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर उभे राहिले. आज कोल्हापूरकर कापडखरेदीला गांधीनगरला जातो, तेव्हा आपण निर्वासितांच्या छावणीत आलो आहोत असे त्याच्या मनातही येत नाही. कल्याणच्या लष्करी छावणीतून उल्हासनगर झाले. गडचिरोली जिल्ह्यात मुलचेरा-चामोर्शीच्या बाजूला बंगाली गावे आहेत. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे आणि हिवाळ्यात आपल्या शहरांच्या पदपथांवर लोकरी कपडे विकायला बसणारे तिबेटी तर सर्वांच्याच परिचयाचे आहेत. मात्र स्वेटरच्या किमतीवरून घासाघीस करण्यापलीकडे त्यांच्याशी आपले संभाषण किती होते?

भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. कोणत्या गटाला कोणती वागणूक मिळेल, हे त्या त्या वेळच्या सरकारी धोरणावर अवलंबून राहते. अशा स्थितीत स्थानिक समाजाच्या वागणुकीला अधिकच महत्त्व येते. कॅनडाने याबाबत एक निराळा मार्ग काढला. १९७९ मध्ये तेथे खासगी प्रायोजकत्वाची योजना सुरू झाली. पाच नागरिकांनी किंवा एखाद्या प्रार्थनामंदिराच्या मंडळीने एकत्र यावे, पैसे जमवावेत आणि एका निर्वासित कुटुंबाची वर्षभर जबाबदारी घ्यावी, अशी ती योजना आहे. १९७९-८० मध्ये व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातून तेथे गेलेल्या ६० हजारांपैकी निम्म्याहून अधिक लोक या वाटेने गेले. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांचे नान्सेन पदक १९८६ मध्ये कॅनडाच्या जनतेला देण्यात आले. एखाद्या देशाच्या साऱ्या जनतेलाच हा मान मिळाल्याचे उदाहरण विरळा.

या योजनेचे बळ पैशापेक्षा मुदतीत आहे. कार्यक्रम एका संध्याकाळचा असतो; जबाबदारी बारा महिन्यांची. घर भाड्याने पाहणे, मुलाला शाळेत घालणे, दवाखान्यात सोबत जाणे, नोकरीचा अर्ज लिहून देणे, यांत वर्ष निघून जाते आणि देणारा व घेणारा एकमेकांना नावाने ओळखू लागतात. अर्थात या पद्धतीतही धोका आहेच. ज्याने पैसे दिले, त्याला त्या कुटुंबाने काय खावे आणि मुलींनी काय ल्यावे हेही सांगण्याचा मोह होतो. म्हणून वर्ष संपले की बाजूला होणे, हाही त्या जबाबदारीचाच भाग मानला पाहिजे.

आपल्याकडे असे काही करण्यासाठी सरकारी योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेत शिक्षक आहेत, कचेऱ्यांत अर्ज आणि नियम जाणणारे कारकून आहेत, महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आहेत. जवळच्या वसाहतीतील मुलांना मराठी शिकवणे, कागदपत्रांच्या कामात वडीलधाऱ्यांना मदत करणे आणि त्यांच्याकडून त्यांचे खेळ, गाणी व पाककृती शिकणे यासाठी फार मोठा निधी लागत नाही. निधी लागेलच, तर त्यासाठीचा कार्यक्रम त्यांच्याबरोबर बसून आखावा. मंचावर त्यांचे गाणे असावे, प्रवेशिका विकणाऱ्यांत त्यांची मुले असावीत, खजिनदाराच्या शेजारची खुर्ची त्यांच्यापैकी एखाद्याची असावी. ‘आम्हाला पैसे नकोत, आमच्या मुलांना शाळेत दाखला मिळवून द्या’ असे ते म्हणाले, तर नाटकाचा प्रयोग रद्द करून मुख्याध्यापकांकडे जाण्याची तयारीही असावी.

२०२४ च्या अखेरीस जगात घरदार सोडावे लागलेल्या लोकांची संख्या १२ कोटींहून अधिक होती. एवढा मोठा आकडा ऐकला की माणूस हताश होतो. एखाद्या मंडळाच्या चार पावतीपुस्तकांनी काय होणार, असे वाटू लागते. १९७१ मध्येही आकडा छातीत धडकी भरवणाराच होता. तरी ३१ लाख माणसे कोणा ना कोणाच्या घरात राहिली आणि त्या घरमालकांचे नाव कोणत्याही निधीच्या यादीत नाही. त्यांनी दिलेली देणगी मोजता येत नाही. कारण त्या घरांत पाहुणा आणि यजमान एकाच विहिरीचे पाणी भरत होते आणि कोणी कोणावर उपकार केले, याचा हिशेब ठेवायला कोणाला सवड नव्हती. आपल्या मदतनिधीच्या कार्यक्रमांना गाठायचे असेल, तर ते हेच टोक आहे. तेथवर पोहोचणे एका संध्याकाळी जमणार नाही. पण पुढच्या प्रवेशिकेवर ‘निर्वासितांच्या साहाय्यार्थ’ असे छापण्यापूर्वी त्यांच्यापैकी चौघांना बैठकीला बोलावणे, एवढे तर लगेच जमण्यासारखे आहे.